११ पैकी ७ माद्या उलटल्या, पहिलारूंना काळी मेलेली पिल्लं: चुकतंय कुठं?

येरळाकाठ
१७ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं शेळी, म्हैस, कोंबडी, अगदी ससापालनावरही धागे आहेत. डुकरावर एकही सापडला नाही, म्हणून मीच काढतो. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी खुशाल दुसरा धागा उघडावा.

विट्याजवळ माझं शेड आहे. १८ माद्या, २ नर, सगळे लार्ज व्हाइट यॉर्कशायर नाहीतर त्याचे क्रॉस. धंद्याचं चौथं वर्ष. आधी वेताला नऊ-दहा पिल्लं मिळायची. यंदा घडीच बसेना. मे-जूनमध्ये ११ माद्या फळवल्या, त्यातल्या ७ उलटल्या, म्हणजे परत माजावर आल्या. दुसरं म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याकडून चार पहिलारू आणल्या होत्या. आल्या आल्या माजावर आल्या म्हणून मी खूश, लगेच लावल्या. त्या आता व्याल्या. एकीला ५ पिल्लं, एकीला ३, एकीला ६, चौथीला जिवंत फक्त २. सोबत वाळलेल्या चिंचेसारखे काळे गोळे, काही बोटाएवढे, काही वीतभर. चौथीला वेळ लागत होता म्हणून म्हशीवाल्या पाहुण्यानं पान्ह्याची सुई मारली. नंतर चार पिल्लं मेलेलीच पडली, ती मात्र पूर्ण वाढलेली, ताजी.

घरचे म्हणतात चारी पहिलारू कापायला देऊन टाक. आईनं शेडच्या दारात नारळ फोडून घेतलाय. मला आधी कारण कळलं पाहिजे.

माणदेशी_गडी
१७ ऑगस्ट, रात्री १०.०५

डुकरातलं कळत नाही, मेंढरं सांभाळतो. पण नारळ फोडला ते बरं केलं, निदान खोबरं तरी मिळालं.

जनावरांचा_डॉक्टर
१८ ऑगस्ट, सकाळी ६.५०

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो, आता कोरेगाव भागात काम करतो. रुग्णांत म्हशी जास्त, डुकरं थोडी, पण ती आवडीनं बघतो.

येरळाकाठदादा, तुम्ही दोन वेगळी दुखणी एका दमात सांगितलीत. उलटलेल्या ७ आणि पहिलारू ४ यांची कारणं बहुतेक एक नाहीत. मला तीन गोष्टी द्या. प्रत्येक मादी कोणत्या तारखेला लावली, कोणत्या नराला लावली आणि कितव्या दिवशी उलटली. नुसतं 'उलटली' यावरून काहीच कळत नाही, दिवसांवरून बरंच कळतं.

आणि पहिलारू विकू नका. निदान माझं पूर्ण ऐकेपर्यंत.

येरळाकाठ
१८ ऑगस्ट, दुपारी १.१५

वही नाही डॉक्टरसाहेब. खोटं कशाला बोलू. खुराकाच्या उधारीची वही आहे, माजाची नाही.

कोयनेची_लेक
१८ ऑगस्ट, दुपारी २.३०

दादा, मोबाइलमध्ये फोटो असतील की. प्रत्येक गोष्टीचं स्टेटस टाकायची सवय असते आपल्याकडं. फोटोवर तारीख असते, तिथून काढा.

मी कऱ्हाडजवळची. सासूबाई आणि मी मिळून ३० माद्यांचं शेड बघतो, मालक नोकरीला. आमच्या शेडात भिंतीवर खडूनं लिहितो. मादीचा नंबर, नर, तारीख, आणि पुढं दोन तारखा आधीच मांडून ठेवतो: २१ वा दिवस आणि ११४ वा दिवस. सासूबाईंना लिहिता येत नाही, त्या रेघा मारतात. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस हे त्यांचं पाठ आहे, दिवाळीच्या पणत्या मोजाव्यात तसं मोजतात.

येरळाकाठ
१९ ऑगस्ट, रात्री ८.२०

ताई, तुमच्या पाया पडतो. बायकोच्या मोबाइलमधून सगळं निघालं. (तिच्या स्टेटसवर माझ्या डुकरांचे इतके फोटो आहेत हे मला माहीतच नव्हतं. माझा एकही नाही.)

१२ मे ते १४ जून अशा ११ वेळा. थोरल्या नराला ७ माद्या लावल्या, त्यातल्या ६ उलटल्या. धाकट्याला ४ लावल्या, १ उलटली. थोरल्याच्या सहापैकी पाच २० ते २२ दिवसांत परत माजावर आल्या, एक २७ व्या दिवशी. धाकट्याची ती एक ३१ व्या दिवशी.

पहिलारू १४ ते १६ एप्रिलला धाकट्यालाच लावलेल्या. म्हणजे धाकट्यात दोष नसावा ना?

जनावरांचा_डॉक्टर
१९ ऑगस्ट, रात्री १०.१०

आता बोलता येईल.

मादीचं माजाचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये धरा. बरोबर त्या काळात परत आली तर बहुतेक गर्भ धरलाच नाही, किंवा अगदी सुरुवातीलाच सगळे गेले. म्हणजे बोट नराकडं किंवा लावायच्या वेळेकडं. २५ ते ३७ अशा अधल्यामधल्या दिवसांत आली तर गर्भ धरला होता, नंतर गेला. तेव्हा ताप, ताण, आजार, बुरशीचा खुराक, मारामाऱ्या हे बघायचं. ४० च्या आसपास आली तर ती बहुधा २१ व्या दिवशीच आली होती आणि तुम्ही झोपेत होता. त्यानंतर रिकामी निघाली तर गाभडलेली किंवा पहिल्यापासून गाभणच नसलेली.

तुमच्या पाच माद्या २० ते २२ मध्ये, सगळ्या थोरल्याच्या. थोरला कुठं बांधलाय? वर काय आहे?

येरळाकाठ
१९ ऑगस्ट, रात्री १०.२५

पश्चिमेच्या कडेला, पत्र्याखाली. धाकटा लिंबाच्या झाडाखालच्या खोलीत.

आत्ता लिहिताना माझ्या डोक्यात उजेड पडला.

जनावरांचा_डॉक्टर
१९ ऑगस्ट, रात्री ११.००

पडलाच पाहिजे. डुकराला माणसासारखा घाम येत नाही, अंगावरच्या घामाच्या ग्रंथी नावालाच. चिखलात लोळतं ते घाण म्हणून नाही, तो त्याचा कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये खानापूर-आटपाडीकडं पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. नराच्या वृषणात बी तयार व्हायला साधारण पाच आठवडे लागतात आणि बाहेर पडायच्या तयारीला आणखी दीड-दोन. म्हणजे एप्रिलअखेर तापलेल्या नराचं बी मे-जूनमध्ये खराब निघतं. नर उड्या मारतो, लावतो, सगळं नीट दिसतं. म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही.

चांगली बाजू अशी की हे कायमचं नसतं. पाऊस लागून गारवा झाला की सहा-सात आठवड्यांत नवीन बी चांगलं येतं. थोरला आत्ता ठीक झालेला असू शकतो. विकायची घाई नको. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, त्याला दुपारी पाणी मारा, आणि उन्हाळ्यात लावायचं काम पहाटे करा. पोरसवदा नराला आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त वेळा वापरू नका.

माणदेशी_गडी
२० ऑगस्ट, सकाळी ७.४०

डॉक्टर, एक भाबडा प्रश्न. म्हशीला जसं नळकांड्यातलं बी आणून भरतात तसं डुकराला नाही का? मग नर पाळायचा कशाला, पत्रा तापायचा कशाला.

जनावरांचा_डॉक्टर
२० ऑगस्ट, दुपारी १२.३०

प्रश्न भाबडा नाही. गाई-म्हशीचं बी द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. डुकराचं गोठवलं की फार मरतं, म्हणून ते पातळ करून १६ ते १८ अंशांवर ठेवतात आणि तीन-चार दिवसांत वापरतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं तरी जातं, फ्रिज जास्त गार. मात्राही मोठी, एका वेळी ८० ते १०० मिली, त्यात तीन अब्जांच्या आसपास शुक्राणू. नळीचं टोक मळसूत्रासारखं असतं, कारण नराचं इंद्रियही तसंच पिळदार. ईशान्येत गुवाहाटीच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलंय, गोव्यातही होतं. आपल्याकडं नेमक्या दिवशी ताजी मात्रा हातात पडणं हीच अडचण. तोवर नर पाळा आणि सावलीत ठेवा.

काळा_पाथर
२० ऑगस्ट, रात्री ९.००

वाचत होतो, राहवलं नाही.

आम्ही वडार. आज्ज्यानं मिरजेच्या बाहेर दगड फोडत डुकरं सांभाळली. शाळेत आम्हाला मागं बसवायचे, वास येतो म्हणून. आता त्याच धंद्याला 'वराहपालन' म्हणतात आणि राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या, १० नरांच्या युनिटला निम्मं अनुदान मिळतं, ३० लाखांपर्यंत. आमच्या वस्तीतलं एकही नाव त्या यादीत माझ्या ऐकिवात नाही. असो, त्याचा धागा वेगळा काढीन.

सांगायचं होतं ते माजाचं. आज्जी मादीच्या कमरेवर दोन्ही तळवे टेकवून जोर द्यायची. मादी पळाली की म्हणायची 'कच्ची हाय'. चार पाय रोवून, कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली की 'पिकली'. नुसतं मागं सुजलं, लाल झालं, सोट आला म्हणून ती नर सोडत नव्हती. येरळाकाठ, तुम्ही सूज दिसली की लावता का? तसं असलं तर दिवसभर आधी लावताय.

आणि व्यायच्या आदल्या दिवशी मादी तोंडात काटक्या, चिंध्या, पोतं धरून फिरते. आज्जी म्हणायची, घर बांधायला लागली. सिमेंटच्या खोलीत तिला घर बांधायला काय मिळतं? थोडं गवत तरी टाका.

येरळाकाठ
२० ऑगस्ट, रात्री ९.३५

पाथरभाऊ, सूज दिसली की लावतो. घावलं.

जनावरांचा_डॉक्टर
२० ऑगस्ट, रात्री १०.१५

आज्जींची परीक्षा अगदी पुस्तकात आहे तशी, किंवा पुस्तकात ती आज्जींकडूनच आली असेल. माज दोन-तीन दिवस चालतो, बीज सुटतं ते शेवटच्या तिसऱ्या हिश्शाच्या तोंडाला. म्हणून सकाळ-संध्याकाळ कमरेवर जोर देऊन बघा, शक्यतो नर समोर असताना. जाणती मादी सकाळी उभी राहिली तर संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा. पहिलारूचा माज आखूड, तिला ताटकळत ठेवू नका.

आता पहिलारू. चार जणी नव्या आल्या, आठवड्यात गाभण राहिल्या, जुन्या माद्यांना त्या काळात काही झालं नाही, आणि मेलेली पिल्लं वेगवेगळ्या आकाराची. हे चित्र पार्व्होचं आहे. हा विषाणू बहुतेक शेडांत मुरलेला असतो. जुन्या माद्यांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो, त्यांना काही होत नाही. बाहेरून आलेली कोरी मादी गाभण असताना तो पहिल्यांदा भेटला की गर्भात शिरतो, आणि एकातून दुसऱ्यात हळूहळू जातो. म्हणून एक बोटाएवढं, एक वीतभर. पस्तिसाव्या दिवसाआधी मेलेले विरघळून जातात, हाडं धरल्यावर मेलेले वाळून काळे पडतात. सत्तर दिवसांच्या पुढचे स्वतःच झुंजतात आणि बहुतेक वाचतात. मादीला ताप नाही, खाणं सुटत नाही, कळायचं कसं?

आणि म्हणूनच म्हटलं विकू नका. त्या चौघींना आता तो होऊन गेला, पुढच्या वेतात याच कारणानं पिल्लं जायची शक्यता फार कमी. विकाल आणि नव्या कोऱ्या आणाल, तर पुन्हा पहिला पाढा.

मात्र हा माझा अंदाज, तपासणी नाही. लेप्टो आणि ब्रुसेला या जिवाणूंच्या आजारांतही पिल्लं मेलेली येतात, जपानी मेंदूज्वरातही येतात. लेप्टो आणि ब्रुसेला तर माणसाला होतात. वार, मेलेली पिल्लं उघड्या हातानं उचललीत का?

येरळाकाठ
२० ऑगस्ट, रात्री १०.३०

उचलली. आणि कुत्र्यांना टाकली.

जनावरांचा_डॉक्टर
२० ऑगस्ट, रात्री १०.४०

यापुढं हातमोजे. चुना टाकून खोल पुरायचं, कुत्र्याला नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून चारही माद्यांचं रक्त काढून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवायला सांगा. पुढं असं पडलं तर एक-दोन काळी पिल्लं बर्फात घालून तीही पाठवा. तुम्हाला ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला 'डुकरं पाळतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

पान्ह्याच्या सुईबद्दल: ऑक्सिटोसिन गर्भाशयाला पिळतं. दार उघडलं नसेल किंवा पिल्लू आडवं असेल तर ते पिळणं पिल्लांचाच गळा धरतं, नाळ दबते किंवा तुटते. ताजी मेलेली चार तिथं गेली असतील. आधी नखं कापून, हात धुऊन, तेल लावून आत हात घालून बघायचं. दोन पिल्लांत अर्ध्या तासापेक्षा जास्त गेलं, मादी कळा देऊन दमतेय, असं असेल तर डॉक्टर बोलवा. १९६२ ला फोन केलात तरी सरकारी फिरतं पथक मिळू शकतं.

तासगावचा_बेदाणा
२१ ऑगस्ट, सकाळी ११.१०

मका कुठला घालता? आमच्याकडं गेल्या पावसात भिजलेला मका स्वस्त मिळाला, दोन महिन्यांच्या पिल्लांच्याही माग्या सुजल्या. लोक म्हणाले माजावर आल्या. दोन महिन्यांचं पिल्लू माजावर येतं का राव!

जनावरांचा_डॉक्टर
२१ ऑगस्ट, दुपारी १.००

येत नाही. ती झिअरालेनोन नावाची बुरशीची विषारी देणगी, मादीच्या संप्रेरकासारखी वागते. खोटा माज, उलटणं, मेलेली पिल्लं, सगळं करते. मका भिजलेला, वास मारणारा असेल तर माद्यांना आणि नराला तर अजिबात नको. येरळाकाठच्या २७ आणि ३१ दिवसांच्या दोघींच्या मागं हेही असू शकतं.

कुपवाडचा
२१ ऑगस्ट, रात्री ८.४५

सगळं खरं, पण खुराकाचे दर बघता का? खर्चाच्या रुपयात सत्तर पैसे खाण्याचेच. मी एमआयडीसीतल्या कॅन्टीनचं आणि दोन हॉटेलांचं उरलेलं आणतो. तीन वर्षं झाली, डुकरं टणटणीत. तुमच्या मक्यापेक्षा बरं.

जनावरांचा_डॉक्टर
२१ ऑगस्ट, रात्री ९.२०

हॉटेलच्या पिंपात कशाकशाचं मटण असतं ते तुम्हाला माहीत आहे का? त्यात डुकराचं मांस असेल, आणि ते आजारी डुकराचं असेल, तर तीन वर्षांची टणटणीत डुकरं दहा दिवसांत संपतात. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला आणि मग इतर राज्यांत पसरला. त्यावर औषध नाही, आपल्याकडं वापरात लस नाही. माणसाला होत नाही, पण शेड रिकामं करतो. सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. म्हणजे तुमचं पिंप तुमच्या शेजाऱ्याच्याही डुकरांचा प्रश्न आहे.

कुपवाडचा
२१ ऑगस्ट, रात्री ९.३१

मग काय उपाशी मारू? शहरातल्या डॉक्टरला बोलायला काय जातंय.

माणदेशी_गडी
२१ ऑगस्ट, रात्री ९.३४

कोरेगाव शहर कधी झालं?

जनावरांचा_डॉक्टर
२१ ऑगस्ट, रात्री ९.५०

उपाशी मारू नका, शिजवा. उकळी फुटल्यावर अर्धा तास, ढवळत, आणि कच्च्याची बादली शिजवलेल्याला लावायची नाही. आणि पाणी भरपूर. हॉटेलच्या अन्नात मीठ फार, पाण्याचा टँकर एक दिवस चुकला तर मिठानं डुकरं भिंतीला डोकं लावतात, गोल फिरतात, मरतात. हे जतच्या बाजूला मी डोळ्यांनी पाहिलंय.

जुना स्वाइन फिव्हर, ज्याला लोक डुकरांची साथ म्हणतात, त्याला मात्र लस आहे. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं पेशींवर वाढवलेली लस काढली आहे. ती चुकवू नका. दोन्हींची लक्षणं डोळ्यांनी वेगळी ओळखू येत नाहीत: जबर ताप, कान-पोट जांभळं, ढीग करून पडलेली डुकरं. तसं दिसलं की विकायला काढू नका, दवाखान्यात कळवा. लपवणं कायद्यानंही चुकीचं.

आंबोली_घाट
२२ ऑगस्ट, पहाटे ५.१५

मी व्यापारी. सांगली-साताऱ्यातली डुकरं गोव्याला पोचवतो. कुणी बोलणार नाही म्हणून मीच बोलतो. माझी गाडी एका दिवसात सहा शेडं फिरते, तेच बूट, तीच दोरी, तोच काटा. साथ आली तर ती गाडीतूनच येईल. मला शेडात घेऊ नका. रस्त्यावर आणून द्या, वजन तिथं करू. पाच-सहा शेडवाले आता तसं करतात, मला राग येत नाही. चहा मात्र पाजत जा.

कोयनेची_लेक
२२ ऑगस्ट, सकाळी १०.२०

घाटदादांना सलाम.

आता जगलेल्या पिल्लांबद्दल कुणीच लिहिलं नाही. पहिल्या तीन दिवसांत जेवढी पिल्लं जातात तेवढी पुढच्या सगळ्या महिन्यांत जात नाहीत, आमच्या भिंतीवरचं हे गणित आहे.

पहिलं, चीक. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात संरक्षण मिळतच नाही, सगळं चिकातून. आणि ते आतड्यातून आत जायची वाट दिवसभरानंतर मिटत जाते. म्हणून बारकं पिल्लू धरून पुढच्या सडाला लावायचं, पुढच्या सडांना दूध जास्त. मादीला सड आणि पिल्लं जुळत नसतील तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसरीकडं द्यायची, पण आधी आपल्या आईचा चीक पिऊ द्यायचा.

दुसरं, ऊब. इथं सगळे चुकतात. मादीला गारवा हवा, वीस अंशांच्या आसपास. पिल्लाला पहिल्या आठवड्यात बत्तीस-चौतीस. एका खोलीत दोन ऋतू करायचे! आम्ही कोपऱ्यात लाकडी खोकं ठेवतो, पुढं पोत्याचा पडदा, आत बल्ब. पिल्लं खोक्यात झोपली की आईच्या अंगाखाली येत नाहीत. भिंतीला जमिनीपासून वीतभर उंच पाइप लावलाय, मादी धपकन बसली तरी मागं फट राहते.

तिसरं, लोह. ही गोष्ट मला सासूबाईंना पटवायला एक वर्ष लागलं. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं, दुधातून एकच मिळतं. मातीत फिरणारी डुकरं माती चाटून भागवायची, सिमेंटवर माती कुठली? तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाची सुई. नाही दिली तर दोन-तीन आठवड्यांची पिल्लं पांढरीफटक, धापा टाकत, आणि एक दिवस सगळ्यात गुबगुबीत पिल्लूच मरून पडतं.

हगवण लागली की लोक थेट कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मागतात. ते २०१९ पासून खाण्याच्या जनावरांत बंद आहे. आधी खोकं कोरडं करा.

काळा_पाथर
२२ ऑगस्ट, दुपारी ४.००

ताई, आज्जी खोक्याऐवजी शेळीच्या लेंड्यांचा उबारा करायची. तुमचं खोकं बरं.

एक गोष्ट लोकांना कळू दे. डुकराच्या मटणानं डोक्यात किडे होतात, हे सगळे आम्हाला ऐकवतात. डॉक्टर, खरं काय ते सांगा एकदा.

जनावरांचा_डॉक्टर
२२ ऑगस्ट, रात्री ९.४०

पट्टकृमी माणसाच्या आतड्यात असतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा डुकरानं खाल्ली की त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे फोड येतात. ते मांस कच्चं खाल्लं तर माणसाला पट्टकृमी होतो. पण मेंदूतले फोड, झटके, हे मटण खाऊन नाही, पट्टकृमीची अंडी तोंडात गेल्यानं होतात. घाणेरड्या हातानं, नीट न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीवरून. म्हणून ज्यानं जन्मात डुक्कर खाल्लं नाही त्याच्याही मेंदूत ते सापडतात. सुरुवात डुकरापासून नाही, संडास नसण्यापासून होते. बंदिस्त शेडातलं, खुराकावरचं डुक्कर या साखळीच्या बाहेर असतं.

येरळाकाठ
३ सप्टेंबर, रात्री ८.००

थोडं कळवतो. औंधचा रिपोर्ट आला, ब्रुसेला नाही, लेप्टो नाही. तालुक्याचे डॉक्टरही पार्व्होच म्हणाले. पहिलारू ठेवल्या. पुढं नव्या आणल्या तर दीड महिना आधी आणायच्या, पहिले काही आठवडे वेगळ्या ठेवायच्या, मग जुन्या माद्यांचं शेण त्यांच्यात टाकून सवय करायची, आणि नंतरच नर, असं त्यांनी सांगितलं. मका बदलला. आधी आठ आठवड्यांनी पिल्लं आईपासून तोडत होतो, त्यात माद्यांची हाडं निघत होती. आता सहाव्या आठवड्यातच तोडतो. तोडल्यावर पाच-सहा दिवसांत माद्या माजावर येताहेत.

भिंतीवर खडू सुरू. मुलगी लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे.

कुपवाडचा
४ सप्टेंबर, सकाळी ९.१०

मोठं पातेलं घेतलं, सेकंडहँड. लाकूड महाग पडतंय, सांगून ठेवतो.

येरळाकाठ
२२ जानेवारी, रात्री ९.१५

चार महिने गप्प होतो, माफी. सप्टेंबरअखेर नऊ माद्या लावल्या. थोरल्याला चार, त्यातली एक उलटली. धाकट्याच्या पाचही टिकल्या. पहिल्या दोन परवा, बरोबर २० तारखेला व्याल्या. भिंतीवर मुलीनं २० च लिहिलं होतं. एकीला ११, एक मेलेलं. दुसरी ती एप्रिलमधली पहिलारू, जिला दोन राहिली होती. तिला ९, एकही काळं नाही.

सगळं चांगलंच आहे असं नाही. ११ वालीनं पहिल्या रात्रीच तीन चेंगरली, पाइप फार उंच लागलाय, उद्या उतरवतो. थोरला पायानं लंगडतोय. आणि मार्च तोंडावर आला, पाचट अजून पत्र्यावर चढलेलं नाही.

जनावरांचा_डॉक्टर
२२ जानेवारी, रात्री ९.३०

अभिनंदन. थोरल्याची खुरं आधी बघा, सांधे नंतर. लोहाची सुई?

येरळाकाठ
२२ जानेवारी, रात्री ९.३८

उद्या तिसरा दिवस. बाटली आणून ठेवलीय.

थांबा, लाइट गेली. बल्ब बंद पडला, बाहेर कडाका आहे. खोक्यावर पोती टाकायला जातो, बाकी उद्या.